पाटीवर मावेल एवढं नाव

२६ जानेवारी, रविवार

ही डायरी कृषी केंद्रवाल्याने फुकट दिली. प्रत्येक पानाची खालची जागा बियाण्याच्या पिशवीने अडवली आहे. चालेल. अपुऱ्या जागेत लिहायची आमच्या घराला सवय आहे.

आज मोनालीने माळ्यावरून तिच्या बाबांची लाइटची पाटी खाली काढली. मी म्हटलं, "कायले उकरून राह्यली ते?" म्हणाली, "काम हाये." पुण्याच्या कंपनीचं काम ती घरी बसून करते, ते सोमवार ते शुक्रवार. रविवारी जे करते त्याला पगार नाही, आणि जेवायचं विसरते ती त्याच कामात.

लिहायचंच आहे तर नीट लिहिते. माझा नवरा उकंडा उमरखेडात पाट्या रंगवायचा. तोंडाने त्याचं नाव मी कधी घेतलं नाही. होता तेव्हा "अवो", गेल्यावर "मोनालीचे बाबा". इथे घेते, कोण ऐकतं. हात सुरेख होता, माप मात्र कधी घ्यायचा नाही. पहिलं अक्षर ताटाएवढं काढायचा आणि शेवटचं बशीएवढं. महागावच्या एका दुकानाच्या पाटीत शेवटचा 'केंद्र' काही मावेना, तेव्हा त्यातला 'द्र' सरळ बाजूच्या खांबावर नेला. मालक बोंबलला. हा म्हणाला, "खांबबी तुमचाच हाये ना."

तो अक्षरांची कड काढायचा आणि मी आत रंग भरायची. शाळा मला मिळाली नाही, वाचायला शिकले ती ही अक्षरं भरता भरता. त्यामुळे कितीतरी दिवस मला वाटायचं, शब्दाची शेवटची अक्षरं बारीकच असतात. पुढे वाचनालयातलं पुस्तक हातात घेतलं तेव्हा कळलं की दोष भाषेत नाही, नवऱ्यात आहे.

फ्लेक्स आले, रंगकाम बसलं. मग उकंडाने नांदेडहून ही लाइटची पाटी आणली आणि तिला जोडायला एक जुना कॉम्प्युटर. पडद्यावर दोन चौकटी होत्या. वरच्या चौकटीत मजकूर टाकायचा, तो पाटीवरून सरकत जायचा. खालची चौकट पाटीच्या नावाची. पाटी लावली की सगळ्यात आधी ते नाव उजळायचं. दुकानदाराने तिथे 01 टाकून दिलं होतं.

सहा वर्षांमागे १४ एप्रिलच्या जयंतीला चौकात पाटी लावली. उकंडा वायर आणायला गेला, परत आला, चालू केली, आणि पाटी काळी. कॉम्प्युटर गारठला. माइकवरचा पोरगा बोलला, "उकंडा पेंटरची पाटी, यंदाही मापाबाहेर." सगळा चौक हसला. घरी येऊन तो गुमान जेवला. म्हणाला, "मापच चुकलं असन." पाटी माळ्यावर टाकली. त्यानंतर तीन वर्षांनी तो गेला. मधल्या काळात कोणी पाटीचं विचारलं की तो विषय बदलायचा.

मोनाली आज म्हणाली, "आई, मले वाटते त्यात बाबाची चूक नसन."

मी तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले.

२ फेब्रुवारी, रविवार

मोनालीने समजावून सांगितलं. मला कळलं तेवढं लिहिते.

कॉम्प्युटरच्या पोटात एक कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात. माउस, कीबोर्ड, पाटी, सगळ्यांशी तोच बोलतो. त्याच्या वरचा एखादा प्रोग्राम पडला तर तेवढाच पडतो, कारभारी पडला तर घरच बसतं. आमच्या कॉम्प्युटरातला कारभारी फुकटचा आहे, जगभरातले लोक मिळून त्याला लिहितात, आणि तो कसा लिहिला हे कोणालाही वाचता येतं. मोनाली रविवारी तेच वाचते.

पाटीचं नाव ठेवायला या कारभाऱ्याकडे सोळा खोल्यांची एक ओळ आहे. नाव संपलं हे कळावं म्हणून शेवटच्या खोलीत एक शून्य बसतं. शून्याची खोली वगळली की नावाला उरल्या पंधरा. ज्याने हे लिहिलं त्याने नाव उचलून आत टाकताना खोल्या मोजल्याच नाहीत. शून्य भेटेपर्यंत भरत जा, एवढंच सांगून ठेवलं. नाव लांब असलं की ते शेजारच्या खोल्यांत घुसतं. तिथे कारभाऱ्याचं स्वतःचं सामान असतं. ते मोडलं की तो आडवा.

"पण इतके दिवस कोणाले दिसलं काहून नाही?" मी विचारलं.

"गोऱ्यांचं एक अक्षर एका खोलीत मावते वो आई. आपल्या एका अक्षराले तीन खोल्या लागतात. कान्याले तीन, अनुस्वाराले तीन."

मी म्हटलं, म्हणजे 'द्र' खांबावर गेला. ती हसली. बापाची ती गोष्ट तिला माहीत आहे.

मग ती एक बोलली ते मला आवडलं नाही. "01 ठेवलं असतं तर काहीच झालं नसतं. त्या दिवशी खालच्या चौकटीत कोनंतरी मोठं नाव टाकलं असन."

कोनंतरी म्हणजे कोण? पाटी त्याची, कॉम्प्युटर त्याचा, मोठं लिहायची खोडही त्याचीच.

संध्याकाळी पंजाबराव आले. जयंती समितीचे अध्यक्ष, उकंडाचे जुने दोस्त, आणि तो गेल्यापासून दर आठवड्याला काही ना काही निमित्त काढून येणारे. आज तुरीच्या शेंगा आणल्या. खाली उतरवलेली पाटी बघून चपापले.

"हे कायले काढलं वहिनी?"

"यंदा चौकात लावायची हाये."

"नांदेडची मोठी ठरवून राह्यलो ना आमी."

"मग थांबवा. हे दुरुस्त होऊन राह्यली."

त्यांनी पाटीवरची धूळ बोटाने पुसली. मग मोनालीला विचारलं, "काय वो, त्या मशीनमंदी कोनं काय टाइप केलं, हे राहते काय लिहून?"

ती म्हणाली, नाही राहत. त्यांनी चहा सगळा प्यायला. त्यात साखर घालायची मी मुद्दाम विसरले होते.

९ फेब्रुवारी, रविवार

मोनालीने दुरुस्ती पाठवली. हे लोक तिला पॅच म्हणतात, मी ठिगळ म्हणते. ते ईमेलने एका यादीवर पाठवायचं, मग पाटीचा तो भाग ज्याच्या ताब्यात आहे तो माणूस बघतो आणि घेतो किंवा नाकारतो. हा माणूस पोलंडचा आहे.

मी आजच ठरवून टाकलं. ठिगळ त्याने घेतलं की चूक कारभाऱ्याची ठरली. मग १४ एप्रिलला हीच पाटी चौकात. मोनालीची अट एवढीच, की तो हो म्हणेपर्यंत पाटी घराबाहेर काढायची नाही. पुन्हा बंद पडली तर या वेळी बापाच्या जागी ती उभी असेल. तिचंही बरोबर आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पोलंडच्या माणसाने ठिगळ परत केलं. मोनालीने नाव सोळा खोल्यांतच तोडलं होतं, पण तोडताना सोळाही खोल्या अक्षरांनी भरल्या आणि शून्याला जागाच ठेवली नाही. मग वाचणाऱ्याला नाव कुठे संपलं हे कळत नाही, तो शेजारच्या घरातलंही वाचत सुटतो. त्या माणसाने लिहिलंय, एक रोग काढून दुसरा घातलास, आणि हे जुनं औषध आम्ही आता वापरत नाही.

मोनालीचं तोंड उतरलं. मला मात्र माझे मामाजी आठवले. माझे सासरे भाकर हातात घेऊन उजेडाकडे धरायचे, आणि कड फाटलेली दिसली की काही न बोलता ताटाबाहेर ठेवायचे. या माणसाचं नाव मला बोलता येत नाही, म्हणून आजपासून मामाजी.

"त्यायच्या हाताखाली मी भाकर करायले शिकली," मी म्हटलं. "तूबी शिकशीन."

"किती वर्ष लागले?"

ते मी सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुसरं ठिगळ काल गेलं. नवं औषध वापरलं. ते आधी जागा विचारतं, मावेल तेवढंच घेतं, शून्याची खोली राखून ठेवतं आणि नाव कापावं लागलं तर तसं सांगतंही. मला ते एकदम पसंत पडलं. असा जावई मिळाला तर बरं होईल, असं मी बोलले. मोनालीने हेडफोन लावले.

आज ती आंघोळीला गेली आणि कॉम्प्युटर उघडा होता. तिने पाटीला 01 नाव देऊन तपासलं होतं. 01 कुठेही मावतं, त्यात काय तपासायचं? तपासायचं तर मोठं नाव हवं, आणि आमच्या ओळखीत सगळ्यात मोठं नाव पंजाबरावांचं. निदान ते स्वतः तसं समजतात. मी खालच्या चौकटीत 'पंजाबराव' टाकलं आणि बटण दाबलं.

पाटीवर आलं 'पं', आणि त्याच्यापुढे एक रिकामा डबा.

मला हसू आवरेना. जयंती समितीच्या अध्यक्षाला पंडित करून टाकलं. मोनाली ओल्या केसांनी धावत आली, बघितलं आणि खालीच बसली.

"आई, मी चिठ्ठी मोजली."

कळलं ते असं. सोळा खोल्या कुठे आहेत त्याचा पत्ता एका चिठ्ठीवर असतो. नव्या औषधाला जागा सांगायची होती, तर हिने खोल्यांच्या ओळीचं माप न देता त्या चिठ्ठीचं माप दिलं. चिठ्ठी आठ खोल्यांची. म्हणजे पाटी मोजायला पाठवलं आणि ही दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड मोजून आली.

"तुया बापाचीच हायेस," मी म्हटलं. तिला ते लागलं नाही. उलट बरंच वाटलं असावं.

संध्याकाळी मामाजींचंही तेच उत्तर आलं, एका ओळीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

तिसरं ठिगळ गेलं. या वेळी ओळीचं माप दिलं. नाव कापलं गेलं तर कारभारी आपल्या नोंदीत तसं लिहून ठेवतो, म्हणजे गुपचूप कापाकापी नाही. पंजाबरावांचं नाव पुन्हा टाकून बघू म्हटलं, तर मोनाली नको म्हणाली. आधी मामाजी काय म्हणतात ते येऊ दे.

पंजाबराव बोरं घेऊन आले होते. म्हणाले, उकंडा फार मनाला लावून घ्यायचा. मी म्हटलं, हसणारे हसले की मनाला लागतंच. त्यांनी बोरं निवडायला घेतली. लोकांना हसायला माइक देणारी समिती यांचीच, आणि आता बोरं आणतात. उकंडा मात्र शेवटपर्यंत यांच्यासाठी जीव टाकायचा.

१२ मार्च, बुधवार

मामाजी गप्प आहेत. आठवण द्यायची असेल तर दोन आठवडे थांबायची रीत आहे म्हणे. ते होऊन गेले, तरी मोनाली धजत नाही. तिकडे नांदेडवाला पंजाबरावांकडे आगाऊ रक्कम मागतो आहे.

मोनाली मैत्रिणीच्या लग्नाला नागपूरला गेली. ईमेल घरच्या कॉम्प्युटरवर उघडंच होतं. मी मोबाइलमध्ये मराठीत बोलले, त्याने इंग्रजी करून दिलं, आणि ते बघून बघून मी एका बोटाने उतरवलं. दुपारभर तेच चाललं होतं. भात करपला. मजकूर असा होता:

"महोदय, मी मोनालीची आई. तिचं तिसरं ठिगळ तुमच्याकडे पडून आहे. तुमची तब्येत बरी असावी. ही पाटी माझ्या नवऱ्याची. ती चौकात बंद पडली तेव्हा लोक हसले. आता तो नाही. चूक त्याची होती की तुमच्या कारभाऱ्याची, एवढं मला १४ एप्रिलच्या आत कळलं पाहिजे. मी घाई करत नाही, फक्त तारीख कळवते."

पाठवलं. मग विहारात जाऊन आले. जाताना भीती वाटत होती, येताना भूक लागली होती.

१५ मार्च, शनिवार

मोनाली आली. कॉम्प्युटर उघडला, आणि स्वयंपाकघरात उभी राहिली.

"आई, तू त्यायले लिहिलं?"

"लिहिलं."

"ते एकट्याले नाही जात वो. यादीवर जाते. सगळ्या जगानं वाचलं. आता कधीच मिटवता येत नाही."

"मग? खोटं काय लिहिलं त्यात?"

उत्तरं आली होती. पहिलं कुठल्या तरी अनोळखी माणसाचं: कृपया उत्तर वर लिहू नये, आधीच्या मजकुराच्या खाली लिहावं. त्याने तब्येत विचारली नाही. या लोकांचीही सोवळ्याओवळ्याची आपली एक तऱ्हा आहे.

दुसरं मामाजींचं. मोनालीने वाचून दाखवलं. तब्येत बरी आहे, गुडघा सोडून. उशीर झाला त्याची माफी. तिसरं ठिगळ बरोबर दिसतं. चूक पाटी लावणाऱ्याची नाही. नाव कितीही लांब आलं तरी कर्नेलने उभं राहिलं पाहिजे, ते काम कर्नेलचं. आणि शेवटी विचारलं होतं: हा बिघाड ज्याला पहिल्यांदा दिसला त्याचं नाव ठिगळावर का नाही? तशी ओळ घालायची रीत आहे. आणि तपासलं कोणी, तेही लिहा.

"बाबाचं नाव?" मोनाली म्हणाली. "पण त्याले ईमेलचा पत्ता लागते."

तिने तसं विचारलं. तासाभरात उत्तर आलं. पत्ता नसेल तर नुसतं नाव चालेल.

मी परातीत कणीक घेतली. मळून झाली तरी मळतच होते. रात्री पोळ्या फार मऊ झाल्या.

२८ मार्च, शुक्रवार

घेतलं.

मामाजींनी दोनच शब्द लिहिले, घेतलं आणि आभार. मला वाटलं होतं सही, शिक्का, काहीतरी असेल. मोनालीने पडद्यावर दाखवलं. खाली इंग्रजीत ओळी होत्या, त्यातली दोन नावं मला वाचता आली. कळवणारा, उकंडा. तपासणारी, प्रभावती. दोघांच्या नावांच्या मध्ये काहीच नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेतही आमची नावं इतकी जवळ नव्हती, तिथे मध्ये खरे मामाजी होते.

मोनाली म्हणाली, सगळ्यांच्या कॉम्प्युटरात हे पोहोचायला अजून वेळ लागेल. आपल्या घरच्यात ती उद्याच बसवते.

आता खरं ते लिहिते. मला आनंद झाला, पण पुरता झाला नाही. खालच्या चौकटीत ते लांब नाव टाकलं कोणी, ही अढी मनात आहेच. कर्नेलने उभं राहायला हवं होतं, हे मामाजींचं म्हणणं खरं. पण उकंडानेच ते टाकलं असेल, तर माइकवरच्या पोराचंही थोडं खरंच. मेलेल्या माणसाला विचारता येत नाही. आणि जिवंत असता, तर त्याने विषय बदलला असता.

६ एप्रिल, रविवार

आज पंजाबरावांना मुद्दाम बोलावलं. समितीच्या अध्यक्षाने डोळ्यांनी बघावं, मग नांदेडवाल्याला नाही म्हणावं. माझ्या मनात दुसरंही होतं. त्यांचं नाव कापलेलं मला त्यांच्यासमोर बघायचं होतं.

मोनालीने पाटी भिंतीला टेकवून ठेवली आणि त्यांना खुर्ची दिली. मी म्हटलं, "भाऊ, तुमचंच नाव टाका. मोठ्या मानसाच्या नावानं तपासलेलं बरं."

"कायले वहिनी, दुसरं कोनाचं टाका."

"नाई नाई. तुमीच टाका."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मोनाली कुठे काय टाकायचं ते सांगणार, तोवर त्यांनी माउस खालच्या चौकटीवर नेला, आतलं 01 खोडलं आणि आपलं नाव टाकलं. 'मा.' टाकून मग पुसून टाकलं, नुसतं 'पंजाबराव' ठेवलं. या वयात न दाखवता सगळं जमलं म्हणजे माणूस हुशार आहे, हे मानलं पाहिजे. मोनालीने टेबलाखालून माझा पाय दाबला. तिला काय झालं कोण जाणे, माझं लक्ष पाटीकडे होतं.

पाटी उजळली: 'पंजाब'.

बंद पडली नाही, काळी झाली नाही. सगळा माणूस गेला आणि राज्य उरलं. मी पदर तोंडात कोंबला.

"काका," मोनाली म्हणाली, "वरची चौकट सोडून तुमी खालच्याच चौकटीत काहून टाकलं?"

"खालचं आधी उजळते ना."

"हे तुमाले कोनं सांगतलं?"

पंजाबरावांनी पाणी मागितलं. मी आणून दिलं. पाणी पिऊन झालं तरी पेला हातातच धरून होते. म्हणाले, "उकंडा वायर आणायले गेलता तवा... तो येईपर्यंत मी तिथंच बसलो होतो." मग म्हणाले, ऊन चढतंय, जातो, नांदेडवाल्याला फोन करतो.

मी मोनालीला म्हटलं, बघ, बिचारे त्या दिवशीही उकंडाच्या जागेवर राखण करत बसले होते, मला हे माहीतच नव्हतं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी लहान आहे आणि ती आई आहे.

"आई," ती म्हणाली, "त्यायच्या चहात आता साखर टाकत जा."

"काहून? शुगर हाये त्यायले."

"मग अर्धा चमचा टाक."

१४ एप्रिल, सोमवार

पाटी चौकात लागली. सकाळपासून चौकभर निळे झेंडे लागले होते. मोनाली मंचाच्या मागे कॉम्प्युटर घेऊन बसली होती. वायर या वेळी आधीच आणून ठेवली होती, म्हणजे कोणाला उठायचं काम नव्हतं.

पाटी लावायच्या आधी पंजाबरावांनी माइक हातात घेतला. बोलायला त्यांना फार आवडतं, पण आज अडखळत होते. म्हणाले, "त्या साली ही पाटी बंद पडली, तवा आपण हसलो. त्यात उकंडाची चूक नव्हती. चूक..." इथे त्यांना खोकला आला. चौकात धूळ खूप असते. "चूक मशीनची होती, असं आता बाहेरच्या देशातूनबी लिहून आलं. आणि ज्यानं मशीनवर जास्त भार टाकला त्याची होती. तो माणूस आज माफी मागून राह्यला." मला कळेना, मामाजींच्या वतीने यांनी कशाला माफी मागावी. पण बोलले छान.

मग ते मागे येऊन मोनालीच्या कानाशी काही बोलले. तिने खालच्या चौकटीत टाइप केलं.

पाटी उजळली. 'उकंडा'.

मी मोनालीकडे बघितलं. तिने दोन्ही हातांनी माप दाखवलं आणि मान डोलावली. पंधरा खोल्या नावाला, सोळावी शून्याला, एकही शिल्लक नाही, एकही कमी नाही. आयुष्यभर ज्याचं एकही अक्षर पाटीत बसलं नाही, त्याचं स्वतःचं नाव इतकं मापात बसावं. असता तर म्हणाला असता, माप घेऊनच नाव ठेवलं होतं. खोटं बोलला असता.

कोणी हसलं नाही. वरचा मजकूर सरकत राहिला. माझा डोळा मात्र सारखा मागे जायचा, जिथे नाव येऊन गेलं होतं.

१५ एप्रिल, मंगळवार

पंजाबराव स्वतः हातगाडीवर पाटी घालून घेऊन आले. त्यांच्या चहात अर्धा चमचा साखर घातली. त्यांनी एक घोट घेऊन कपात बघितलं, मग माझ्याकडे. डोळे पुसले. म्हाताऱ्यांना गोडाचं इतकं अप्रूप.

ते गेल्यावर मोनाली कंपनीच्या कामाला बसली. पाटी ओसरीत भिंतीला टेकलेली, कॉम्प्युटर जोडलेलाच होता. सगळ्यांची नावं टाकून झाली होती, तपासणारीचं राहिलं होतं. मी पाट घेऊन बसले आणि एका बोटाने माझं पूर्ण नाव टाकलं. प्रभावती. माझ्या नावाला किती खोल्या लागतात ते मी मोजलं नव्हतं. बटण दाबलं.

लोकांसमोर उकंडा मला "अवो" म्हणायचा. घरात दोघंच असलो की अर्धं नाव घ्यायचा. ते अर्धं नाव मी कोणाला सांगितलं नाही, या डायरीतही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता पाटीवर मोठ्या तांबड्या अक्षरांत आलं आहे, तर लिहायला काय हरकत.

'प्रभा'.

ओसरीतून रस्ता दिसतो. जाणारे-येणारे वाचत होते. मी पाटावरून उठले नाही.

मोनाली पाणी प्यायला बाहेर आली. पाटीकडे बघून म्हणाली, "आई, नाव कापलं गेलं वो. खोल्या वाढवून देऊ काय? एक नवं ठिगळ पाठवते."

"नको," मी म्हटलं. "मामाजींचा गुडघा दुखून राह्यला. एवढंच बरोबर हाये."